डिस्क टकटक करतेय? आधी संगणक बंद करा

घरचा संगणक जास्त वर्षे टिकावा म्हणून काय करावे, याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

संगणक रोज बंद करावा, की स्लीपवर ठेवला तर चालतो?

चालतो. पण आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर चालू होण्याची सोय) चालू असेल, तर नुसत्या शटडाउनने विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही.

पंखा फार घोंगावतो. व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढली तर?

नको, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज तयार होते. वायर काढा, दाबून भरलेल्या हवेचा कॅन घ्या, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि थांबत थांबत हवा मारा. पाते मोकळे सोडले तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते. धूळ नुसत्या जाळीवर नसते. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांच्या मध्ये ती नमद्यासारखी जमून बसते, चिमटीत धरून अखंड पट्टी निघते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारा.

लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असतो. कुणी म्हणतात, महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा.

तो सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आजच्या लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला तो लावू नका. तिला त्रास होतो तो सतत १०० टक्क्यांवर राहण्याचा आणि उष्णतेचा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा. टचपॅड वर उचलला गेला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्ज करू नका, थेट तंत्रज्ञाकडे न्या.

'शेकडो चुका सापडल्या, पैसे भरा' असे एक क्लीनर सॉफ्टवेअर सांगते. घ्यावे का?

घेऊ नका, आणि आहे तेही काढून टाका. आधी घाबरवायचे आणि मग विकायचे, हा धंदा आहे. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढत नाही. उलट त्या नादात विंडोज बिघडलेली मी पाहिली आहे.

हार्ड डिस्क मधूनच टकटक करते, पण फाइली उघडतात. थोडे दिवस चालवू का?

एक दिवसही नाही. डिस्कच्या आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ठरावीक लयीत टकटक होते तेव्हा बहुधा हेडला जागा सापडत नसते आणि ते पुन्हा पुन्हा मागे येत असते. ते तबकडीला टेकले तर चरा पडतो आणि तिथले फोटो परत येत नाहीत. लोक माझ्याकडे येतात तोवर डिस्क दहा वेळा चालू करून पाहिलेली असते, तिच्यावर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारा विंडोजचा प्रोग्रॅम) फिरवलेले असते, कुणाच्या सांगण्यावरून फ्रीजरमध्येही ठेवलेली असते. फ्रीजरने आत दव धरते, बाकी काही होत नाही. संगणक बंद करा, डिस्क उघडू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

ज्यांची डिस्क आज शांत आहे, त्यांनीही हे वाचावे. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली चिपवरची डिस्क, तर बहुतेकदा आवाजही न करता जाते. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. बॅकअपसाठी बाहेरून जोडलेली डिस्क काम झाले की काढून ठेवा. कायम जोडलेली असेल तर खंडणी मागणारा व्हायरस तीही कुलूपबंद करतो. आणि बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर उघडून बघा. ते न करता 'बॅकअप आहे' असे कुणी म्हटले, तर मी ते धरत नाही.

एसएसडी डीफ्रॅग करावी का, म्हणजे तिच्यावरचे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावावेत का?

नाही, विंडोज तिची देखभाल स्वतः करते.

विंडोज १० अजून नीट चालते. बदलायलाच हवी का?

तिचा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीची सुरक्षा अपडेट घेतली नसतील, तर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नका. मशीन विंडोज ११ पेलते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार करा.

चालू केल्यावर तारीख दरवेळी मागे गेलेली असते.

मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो बदलूनही तारीख मागे जात असेल, तर बोर्ड दाखवा.