टोळी वानऱ्यांची, हुप्या पाहुणा

या महिन्याच्या टपालात वानरांचीच पत्रं जास्त. जंगलातला पाला वाळला, संत्र्याला आंबिया बहार फुटला की टोळ्या कवेलूंवर उतरतात, त्याचाच हा परिणाम असावा. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक पत्रात चौकशी हुप्याची, म्हणजे टोळीतल्या मुख्य नराची आहे. काळतोंड्या वानरांची टोळी मुळात असते वानऱ्यांची: आजी, लेकी, नाती, मावश्या. वानरीला सासर नसतं. ज्या टोळीत जन्मली, त्याच टोळीत आणि त्याच शिवारात ती म्हातारी होते. मुलगे वयात येण्याच्या सुमारास बाहेर पडतात, नरांच्या टोळक्यात भटकतात आणि जमलंच तर कुठल्यातरी टोळीवर हुप्या म्हणून बसतात. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमच्या गावच्या टोळीत दिवाळीनंतर नवा हुप्या आला. पंधरा दिवसांत तीन पिल्लं मेली. लोक म्हणतात त्यानंच मारली. आता त्याच वानऱ्या त्याच्या मागंपुढं करतात. आईला काहीच कसं वाटत नाही?
(आर्वी तालुका, जि. वर्धा)

लोक म्हणतात ते शक्य आहे. कर्नाटकात धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला असा प्रकार नोंदवला. पुढं जोधपूरला मोहनोत यांनी आणि अबूच्या पहाडावर सारा ब्लॅफर हर्डी यांनी टोळ्यांमागं फिरून तेच पाहिलं.

हिशेब दुभत्या जनावराच्या मालकाला लगेच कळेल असा आहे. पिल्लू अंगावर पितं तोवर वानरी सहसा माजावर येत नाही. पिल्लू गेलं की काही दिवसांत किंवा आठवड्यांत येते, आणि गाभण राहिली की साधारण २०० दिवसांनी विते. अबू आणि जोधपूरच्या नोंदींत हुप्याचं राज्य सरासरी दोन-सव्वादोन वर्षं टिकलं; कुणाला आठवडाही मिळाला नाही, कुणी पाच-सहा वर्षं काढली. आधीच्याचं पिल्लू मोठं होईस्तोवर हा थांबला, तर याची स्वतःची पिल्लं तान्ही असतानाच पुढचा येऊन धडकणार. ‘वानरांची गर्दी झाली म्हणून ती बिघडली’ असं म्हणणारा एक पक्ष बरीच वर्षं होता. नेपाळातल्या रामनगरच्या टोळ्यांमध्ये विष्ठेतून डीएनए काढून तपासलं, तेव्हा पिल्लावर हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नसल्याचं १९९९ साली दिसून आलं. त्या पक्षाचा आवाज त्यानंतर बराच खाली आला.

आईला काही वाटत नाही, हे मात्र चूक. तिच्या हातात चार-पाच डाव असतात.

हुप्या बदलला तेव्हा ती आधीच गाभण असेल तर ती खोटा माज दाखवते. वानरीचा माज गायीसारखा ओळखू येत नाही, लाल माकडिणीसारखं ढुंगणही लाल होत नाही, सगळं वागण्यावर. शेपटी खाली सोडायची, पाठ हुप्याकडं करायची आणि थंडी भरल्यासारखं डोकं थरथर हलवायचं. गाभण वानरी हे सगळं हुबेहूब करते. हुप्या लागतो. त्याला महिने मोजता येत नाहीत; पुढं जन्मणारं पिल्लू आपलं की आधीच्याचं, याचा त्याला पत्ता लागत नाही. रामनगरच्या टोळ्यांत एकाहून जास्त नर असतात. तिथं विष्ठेतली संप्रेरकं मोजली, तर बीज सुटतं तो दिवस नरांना ओळखताच येत नाही असं २००१ साली दिसलं. वानरी अनेक दिवस माजावर राहते, अनेक नरांना जवळ येऊ देते, आणि पिल्लाला हात लावताना प्रत्येकाला शंका राहते.

दुसरा डाव कठोर आहे. जोधपूरला हुप्या बदलल्यावर काही गाभण वानऱ्या गाभडल्याच्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडल्याच्या नोंदी आहेत. इथिओपियातल्या गेलाडा माकडांत नवा नर आल्यावर दहापैकी आठ माद्या गाभडतात, असं २०१२ साली संप्रेरकं तपासून दाखवण्यात आलं. जे पिल्लू जन्मल्यावर मरण्याचीच शक्यता जास्त, त्यावर आणखी महिने खर्च न करणं, असा त्यामागचा तर्क.

तान्हं पिल्लू असेल तर आई टोळीच्या कडेला राहते, हुप्या या झाडावर तर ती पलीकडच्या. पिल्लू बऱ्यापैकी मोठं असेल तर ते हाकललेल्या जुन्या हुप्यासोबत निघून जातं. आणि प्रत्यक्ष हल्ला झाला तर धावून जाण्यात म्हाताऱ्या वानऱ्या पुढं असतात. तरुण वानरीपुढं अजून बरीच वेतं आहेत, ती जपून राहते. म्हातारीचं स्वतःचं वेत संपत आलेलं असतं. समोरचं पिल्लू बहुधा नातवंड. अबूला म्हातारीनं दुसरीच्या मदतीनं हुप्याच्या तावडीतून पिल्लू ओढून सोडवल्याची नोंद आहे. साधारण ११ किलोची वानरी आणि १७-१८ किलोचा हुप्या, त्यामुळं एकटीनं भागत नाही.

एवढं करूनही पिल्लू गेलं, तर ती नव्या हुप्याकडं जाते. रुसून वर्ष घालवलं तर नुकसान तिचंच, हुप्याचं नाही.

गावानं करायचं ते असं. हुप्या बदलल्यावर पहिले दोन महिने टोळीवर फटाके, गोफण, कुत्री सोडू नका. टोळी फुटते, आया आणि पिल्लं वेगळी पडतात. जखमी किंवा एकटं पिल्लू दिसलं तर गाईचं दूध पाजण्याच्या फंदात न पडता त्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला कळवा. वानर चावलं तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस घ्या. हळद-चुना भरत बसू नका.

प्रश्न : रामटेकला गडावर एका वानरीचं काळं पिल्लू दुसरीनं ओढून नेलं, तिच्याकडून तिसरीनं. आई निवांत पानं खात होती. ही चोरी की काय?
(रामटेक तालुका, जि. नागपूर)

चोरी नाही, पाळणाघर. काळ्या तोंडाच्या वानरांत पिल्लू जन्मलं त्याच दिवसापासून हातोहात फिरतं. जन्मताना केस काळपट तपकिरी, तोंड आणि कान गुलाबी. हा रंग म्हणजे टोळीतल्या प्रत्येकीला आमंत्रण. तीन ते पाच महिन्यांत केस पांढुरके-राखाडी झाले की मावश्यांची ओढही ओसरते.

सगळ्यात हौशी असतात त्या अजून न व्यालेल्या पोरी. त्यांना पिल्लू धरता येत नाही: कुणी उलटं धरते, कुणी एका हातानं ओढत नेते, आणि कंटाळा आला की फांदीवर ठेवून चालू पडते. पिल्लू किंचाळतं, मग आई किंवा दुसरी कुणी उचलते. तुम्हाला क्रूर वाटेल, पण पहिलं वेत हातचं जाऊ नये म्हणून ही शिकवणी चाललेली असते. आईचा फायदा रोकडा आहे: दूध देणाऱ्या वानरीला पोटभर पाला खायला मोकळे हात आणि मोकळा वेळ लागतो.

लाल तोंडाच्या माकडिणीला हे परवडत नाही. तिथं मानपानाची उतरंड कडक. वरच्या घराण्यातलीनं पिल्लू नेलं तर परत मागायची सोय नाही. म्हणून ती पिल्लू पोटाशी घट्ट धरून ठेवते.

प्रश्न : आमच्याकडं लाल तोंडाची माकडं आहेत. त्यांच्यात सगळ्यात मोठी मुलगी आईनंतर मुखत्यार होते का?
(सालेकसा तालुका, जि. गोंदिया)

उलटं आहे. तिथं शेंडेफळाचं राज्य असतं. मुलीला आईच्या लगोलग खालची जागा मिळते, आणि बहिणींत धाकटी थोरलीच्या वर जाते. जपानी माकडांत संशोधक कावामुरा यांनी हा नियम १९५८ साली मांडला. लाल तोंडाच्या माकडांतही तो दिसतो. कारण भांडणात आहे. थोरली आणि धाकटी भांडल्या की आई धाव घेते ती धाकटीच्या बाजूनं, कारण ती दुबळी. थोरली मार खाऊन दबायला शिकते, धाकटी तीन-चार वर्षांची होईस्तोवर हे पक्कं होतं. आई लवकर मेली तर मात्र नियम डळमळतो.

काळतोंड्या वानरांत हे नाही. तिथं जागा वयावर: नुकती वयात आलेली वानरी वर चढते आणि वय वाढेल तशी उतरत जाते. पहिल्या उत्तरातली म्हातारी एरवी खायला शेवटी बसते.

प्रश्न : तारेचा शॉक लागून पिल्लू मेलं. आई चार दिवस ते घेऊन फिरते आहे, वास सुटला. हिसकावून पुरावं का?
(दिग्रस तालुका, जि. यवतमाळ)

नका हिसकावू. वानऱ्या आणि माकडिणी मेलेलं पिल्लू काही दिवस बाळगतात. उन्हाळ्यात ते वाळून कातड्यासारखं होतं. हळूहळू ती ते खाली ठेवून चरायला जाऊ लागते, परत येते, आणि एक दिवस येत नाही. तेव्हा हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा. गावानं श्रद्धेनं अंत्यविधी करायचा असेल तर तोही तेव्हाच. जिथं शॉक लागला त्या खांबाजवळच्या फांद्या छाटण्यासाठी वीज कार्यालयाला लेखी अर्ज द्या. झाड तेच, रस्ता तोच, उद्या दुसरं पिल्लू जाईल.

प्रश्न : माझ्या संत्र्याच्या बगीच्यात वानरं कळ्या आणि नवती खातात. हुप्या पकडून लांब सोडला तर टोळी आपोआप जाईल ना?
(मोर्शी तालुका, जि. अमरावती)

जाणार नाही, आणि पहिल्या प्रश्नातला प्रकार तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर सुरू होईल. हुप्या हलवला की जवळपासचं नरांचं टोळकं जागेवर तुटून पडतं. तान्ही पिल्लं मरतात, वानऱ्या लवकर माजावर येतात, पुढच्या हंगामात पुन्हा तितकीच पिल्लं. शिवार वानऱ्यांच्या डोक्यात आहे: कुठल्या विहिरीवर पाणी, कुठल्या धुऱ्याच्या निंबावरून बगीच्यात उतरता येतं. हे आईकडून लेकीकडं जातं. हुप्या पाहुणा आहे. शिवाय वानर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, परवानगीशिवाय पकडणं गुन्हा.

त्यापेक्षा आठवडाभर सकाळी उजाडताना आणि दुपारी चारनंतर बसून बघा, पुढं कोण येतं. बहुधा एक-दोन मोठ्या वानऱ्याच पहिल्यांदा उतरतात, बाकीची टोळी मागून. त्यांची उतरायची झाडं दोन-तीनच असतात. त्या झाडाची बगीच्याकडची फांदी छाटा. वानर पाच-सहा मीटर सहज झेपावतं, तेवढं अंतर पडायला हवं. जागल्यानं टोळी उठवायची ती बगीच्यात शिरल्यावर नाही, धुऱ्याच्या झाडावर असतानाच. एकदा कळी तोंडात गेली की वानरी चार दगड खाऊनही हटत नाही. झटका मशीन लावायचं तर प्रमाणित यंत्र घ्या. थेट घरच्या लाइनची तार टाकली की माणूसच मरतो.

आणखी एक, जे ऐकायला आवडणार नाही. गावच्या मारुतीला येणारी मंडळी वानरांना पोळ्या-केळी घालतात ना? जोधपूरला लोकांनी खाऊ घातलेल्या टोळ्यांत दोन वेतांमधलं अंतर सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास. रामनगरच्या जंगलात तेच अडीच वर्षांच्या जवळ. पोटभर खाणारी वानरी लवकर विते. शनिवारची पोळी मोर्शीच्या बगीच्यात अशी वसूल होते.

प्रश्न : वानरीला पाळी येते का?
(नाव-गाव नको)

येते. काळतोंड्या वानरीचं चक्र साधारण २४ दिवसांचं, लाल माकडिणीचं २८ च्या आसपास. वानरीचा स्राव इतका थोडा की लांबून दिसत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, पुढच्या वेळी गावाचं नाव लिहा.

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून वानरांच्या टोळीची नोंदवही करून घ्यायची आहे. पद्धत सांगा.
(नागभीड तालुका, जि. चंद्रपूर)

आधी ओळख, मग नोंद. पाच मोठ्या वानऱ्या निवडा: फाटका कान, वाकडी किंवा तुटकी शेपटी, ओठावरचा डाग. प्रत्येकीचं कागदावर रेखाटन करा, नाव द्या. २० मीटरच्या आत जाऊ नका, खायला देऊ नका. दिलं की मुलं पुढं फक्त भीक मागण्याचीच नोंद करतील.

दर १० मिनिटांनी घंटा. घंटा वाजली त्या क्षणी पाचपैकी प्रत्येकजण काय करते ते एका शब्दात: खाते, बसली, चालते, उवा काढते, काढून घेते, पिल्लू अंगावर, पिल्लू दुसरीकडं. मधलं भांडण कितीही रंगलं तरी ते वेगळ्या पानावर. मुलांचा हात नेमका इथंच घसरतो: जे मजेचं दिसलं तेच लिहितात आणि वहीत नुसती मारामारी उरते. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींची नीट मांडणी केली, ती याच घोळामुळं. जी दिसली नाही तिच्यापुढं ‘दिसली नाही’ असंच लिहा, कोरं सोडू नका. उवा काढण्याच्या रकान्यात कोण कुणाच्या हे दोन्ही लिहिलं तर दोन महिन्यांत कोण कुणाची जवळची ते वहीतून दिसायला लागेल. आणि काळ्या पिल्लाचा जन्म ज्या आठवड्यात दिसला ती तारीख पहिल्या पानावर. केसांचा रंग बदलला की दुसरी. नवा हुप्या आला तर तिसरी तारीख तिथंच, लाल शाईनं.