पहिली धार काढताना

घरी दारू गाळायला परवानगी आहे का, ते आधी बघा. बऱ्याच देशांत नसते.

पहिल्या फेरीला नुसतं पाणी आणि थोडं व्हिनेगर उकळा. सांधा कुठे फुसफुसतो ते तेव्हाच कळतं. तिथे पिठाचा लगदा थापा. नळीचं तोंड मात्र कधीच बंद करू नका, भांडं फुटेल. शेगडी विजेचीच हवी. गळालेली वाफ ज्योतीवर भडकते.

भांड्यात आंबवण दोन तृतीयांशच भरा, नाहीतर फेस थेट कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीत शिरतो. २० लिटरमागे पहिले १५० मिलि फेका, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. एवढ्यानं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, पूर्ण निघत नाही, त्यामुळे औद्योगिक स्पिरिट गाळून पिण्याचा विचारही नको. पुढचं छोट्या बरण्यांत वेगवेगळं धरा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की थांबा.