पहिल्या वेताचं शिंगरू लहान आहे, खुराक वाढवू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमची मारवाडी घोडी पहिल्यांदाच व्यायली, नर शिंगरू आहे, बारा दिवस झाले. जन्मल्या दिवशी त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो, माझं वजन वजा केलं तर ३२ किलो भरलं. गावात दुसऱ्याचं शिंगरू चांगलं थोराड आहे, लोक म्हणतात तुमचं खुरटंच राहणार. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचंय, घोडीचा कोंडा दुप्पट करू का? (एक वाचक, शहादा तालुका)

उत्तर: दादा, कोंडा अजिबात वाढवू नका, आणि लोकांचं मनावर घेऊ नका. शिंगरू जन्मताना आईच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं, तुमची घोडी साडेतीनशे किलोची धरली तर ३५, त्यात पहिलं वेत, म्हणजे थोडं कमी भरणारच. घोडीची वार गर्भाशयाला आतून सगळीकडे चिकटलेली असते, पहिलटकरणीचं गर्भाशय अजून ताणलेलं नसतं म्हणून वारेचा पसारा कमी आणि शिंगराला पोषणही तेवढंच, पुढच्या वेताला बघा फरक दिसेल.

आपल्याकडे सगळे वळू बघतात, घोडीकडे कोण बघत नाही. १९३८ साली इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला, तर शायर आईचं शिंगरू शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट वजनाचं जन्मलं! रक्त दोघांत निम्मं-निम्मंच, फरक फक्त कोणाच्या पोटात वाढलं याचा. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं शिंगरू सगळ्यात जास्त भरतं, त्यामुळे पुढच्या वेळी घोडीला तेव्हा जपा.

आता जन्माचं वजन विसरा, रोजची वाढ बघा. शर्यतीच्या थरोब्रेड जातीची शिंगरं पहिल्या महिन्यात रोज सव्वा-दीड किलो वाढतात, तुमच्या चणीच्या शिंगराने पाऊण ते एक किलो धरलं तरी झकास. दर रविवारी त्याच काट्यावर घ्या, उचलवेना झालं की कोपरामागून छातीचा घेर टेपने मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. आणि एक बारीक गोष्ट, त्याच्या कपाळावर वाळलेलं दूध दिसतंय का बघा, दिसलं आणि घोडीची कास तट्ट फुगलेली असली तर ते कासेखाली नुसतं उभं राहतंय, पीत नाहीये. कास रिकामी आणि शिंगरू सारखं ढुशा देतंय तर दूध कमी पडतंय.

कोंड्याचं सांगतो, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, दुप्पट केलात तर घोडीच्या हाडातलं कॅल्शियम ओढलं जाईल, वर नेपिअर गवत घालत असाल तर त्यातलं ऑक्झलेट आहे तेही कॅल्शियम अडवून धरतं. त्यापेक्षा लसूणघास द्या, मिनरल मिक्श्चर द्या, मीठ-पाणी समोर ठेवा. यात्रेसाठी भरडा चारून फुगवलेली शिंगरं मी बघितलीयत, गुडघ्याच्या वर हाड सुजलेलं, पाय वाकडे, आणि मालक कौतुकाने पाठीवर हात फिरवतोय, फार जीव तुटतो हो बघून.

एकच विचारायचं राहिलं, जन्मल्यावर दोन-तीन तासांत चीक प्यालं होतं ना? एक दिवस उलटला की चिकातली ताकद आतडं शोषून घेत नाही. प्यालं नसेल तर रोज दोनदा ताप बघा, एखादा सांधा गरम लागला किंवा सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.