वाचकांचे प्रश्न : काइटबोर्डिंगची सुरुवात

प्रश्न : माझं काइटबोर्डिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर पायाखालच्या बोर्डावरून पाण्यावर सरकण्याचं, प्रशिक्षण चालू आहे. काइट हवेत स्थिर धरता येतो, बॉडी ड्रॅगही (बोर्डाशिवाय, काइटच्या ओढीने पाण्यातून पुढे जाणं) जमतं. पण वॉटर स्टार्ट घेताना, म्हणजे पाण्यात बसून काइटच्या ओढीने बोर्डावर उठताना, एकतर मी पुढे तोंडावर आपटते, नाहीतर अर्धवट उठून मागे पाण्यात बसते. काय चुकतंय?

उत्तर : या दोन्ही पडण्यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी कोणतं जास्त होतं ते बघा.

मागे बसत असाल, तर बहुधा काइटची ओढ कमी पडते. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की डोक्यावर १२, उजवीकडे ३ आणि डावीकडे ९ अशी घड्याळाची कल्पना करा. उजवीकडे जायचं असेल, तर काइट सावकाश ११ पर्यंत न्या आणि तिथून एका दमात २ च्या आसपास खाली आणा. भीतीपोटी बरेच जण १ वरच थांबतात. तेवढ्या ओढीने अंग पाण्याबाहेर येत नाही. दुसरं कारण पायांत असतं. दोन्ही पाय ताठ करून बोर्ड रेटला, की तो पाण्यात आडवा उभा राहतो आणि ब्रेकसारखा अडवतो. पुढचा पाय थोडा सैल सोडा, मागचा गुडघा छातीकडे घ्या, टाच बुडाजवळ येऊ द्या आणि बोर्डाचं टोक किंचित काइटच्या दिशेने वळवा. उभं राहायचा प्रयत्न करू नका, काइट उचलेल.

पुढे आपटत असाल, तर काइट २ च्या खाली जातोय किंवा उठताना तुम्ही बार (काइट चालवायचा, हातात धरायचा दांडा) पोटाशी ओढताय. उठल्या उठल्या काइट पुन्हा १ कडे वर आणा. वेग आला, की मग मागच्या टाचेवर भार द्या आणि नजर काइटवर न ठेवता जायच्या दिशेला ठेवा. बार पूर्ण ओढून धरला, तर काइटची ओढ वाढतच जाते असं नाही. एका मर्यादेनंतर काइट अडखळून मागे घसरायला लागतो. तसं झालं तर बार थोडा पुढे सोडा.

प्रश्न : काइट हाताबाहेर गेला तर?

उत्तर : पहिल्यांदा बार सोडा. हे ऐकायला सोपं आहे, पण घाबरलेला हात बार घट्टच धरतो आणि ओढ वाढते. बार सोडूनही काइट खेचत असेल, तर क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात तोडणारी सुरक्षा कळ) दाबा. काइट लीशला (तुम्हाला काइटशी जोडून ठेवणाऱ्या सुरक्षा पट्ट्याला) अडकलेल्या एकाच दोरीवर राहतो आणि त्याचा जोर जवळजवळ संपतो. तरीही ओढतच असेल, तरच लीश सोडा. ताणलेली दोरी हाताने पकडायची नाही, बोटं कापली जातात. क्विक रिलीज डोळे मिटून सापडतो का, हे प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी तपासा. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल, तर त्या दिवशी उतरूच नका.