तारकर्लीच्या समुद्रावर रात्री दिसलेले हिरवट दिवे कसले असावेत?

एलईडीच्या बोटी, म्हणजे दिव्यांच्या उजेडावर मासळी पकडणाऱ्या, माझ्या मते तरी. डिसेंबरातली रात्र, दहाचा सुमार, पाच-सहा हिरवट-पांढरे दिवे ओळीत, पाण्यापासून वर तरंगल्यासारखे, आणि अर्ध्या तासानं एकेक करत विझले, असं तुम्ही लिहिलंय. रिसॉर्टवरचा पोरगा 'गिऱ्हा असंल' म्हणाला, तेही. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, ते एकट्यादुकट्या माणसाला पाण्यात ओढतं असं ऐकून आहे. ते टोळी करून, जनरेटर लावून फिरत नाही.

मी कोल्हापूरचा. शिरोलीला जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. समुद्र आमच्यापासून घाट उतरून तीन-चार तासांवर, पण मालवण-देवगडकडची कामं येतात, त्यामुळं खलाशांशी बोलणं होतं. साध्या ट्रॉलरला दिव्यापुरती वीज इंजिनावरच्या चार्जिंगमधून मिळते. प्रकाशावर मासळी गोळा करायची तर वेगळा जनरेटर लागतो. आडव्या दांड्यांवर ओळीनं फ्लडलाईट लावतात, काही दिवे वायरीनं थेट पाण्यात सोडतात. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच संपतो, निळा-हिरवा खोलवर जातो, म्हणून हिरवट दिव्याला पसंती. उजेडाभोवती बारीक जीव जमतात, त्यांच्यामागं बारकी मासळी, तिच्यामागं बांगडा, म्हाकूल. पुरेशी जमली की दिवे कमी करत आणतात आणि पर्ससीनवाली बोट भोवतीनं जाळं फिरवते. एकेक करत विझले ते बहुतेक यामुळं.

गस्तीची नौका दिसली तरीही विझतात म्हणा. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, 2021 मध्ये महाराष्ट्रानं आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. तरी दिवे दिसतात. मालवणातले रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, या एलईडीविरुद्ध काय बोलतात ते एकदा ऐकाच. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे, पण तो वेगळा विषय झाला.

आता 'तरंगत होते' हा भाग, कारण खरी गंमत तिथंच आहे. वाळूवर उभ्या माणसाला समुद्राचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 3.57 नं गुणा, अंतर किलोमीटरमध्ये येतं. बोटीवरचा दिवा 10 मीटर उंच असेल तर त्याचं स्वतःचं क्षितिज 11 किलोमीटर. दोन्हींची बेरीज 16. म्हणजे पंधराएक किलोमीटरवरच्या बोटीचा सांगाडा पाण्याच्या फुगवट्याआड बुडालेला आणि वरचे दिवे तेवढे तुमच्या नजरेत. अंधारात क्षितिजाची रेघ दिसत नाही, मग डोळा ती अंदाजानं खाली कुठंतरी ओढतो आणि दिवे अधांतरी वाटतात.

त्यात हिवाळ्यातला मतलई वारा. रात्री जमिनीवरनं निघालेली गार हवा कोमट समुद्रावर जाते, पाण्यालगतचा थर तापतो आणि प्रकाश त्या थरातून वर वळतो. भर उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, त्यातलाच हा प्रकार. दिव्याच्या खाली त्याचीच उलटी प्रतिमा दिसते, मधे आकाशाची पट्टी येते आणि दिवा पाण्यापासून सुटल्यासारखा होतो. खालीवर दोन-दोन दिवे दिसले होते का, ते आठवून बघा.

हे सगळं होतं ते मात्र क्षितिजाला चिकटूनच. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंश झाकते. दिवे क्षितिजापासून खरोखर मूठभर वर असतील आणि 10 किलोमीटरवर असतील, तर त्यांची उंची पावणेदोन किलोमीटर निघते. बोटीला तेवढी डोलकाठी कुणी बसवत नाही. तसं असेल तर विमान. दक्षिणेला गोव्याचं मोपा विमानतळ आहे, आणि उतरणारं विमान तुमच्याच दिशेनं येत असेल तर त्याचा दिवा काही मिनिटं जागचा हलतसुद्धा नाही.

बाकीच्या शक्यता मला इथं बसत नाहीत. स्टारलिंकचे उपग्रह माळेसारखे ओळीनं जातात खरे, पण ते सरकतात आणि काही मिनिटांत पृथ्वीच्या सावलीत शिरतात. 2 एप्रिल 2022 ला विदर्भावर चिनी रॉकेटचे जळते तुकडे दिसले आणि सिंदेवाहीजवळ धातूचं कडं पडलं, तेही क्षणांचंच काम होतं. लाटा निळ्या चमकतात ते नॉक्टिल्युका नावाच्या बारीक समुद्री जीवामुळं, ती चमक फुटत्या पाण्यात असते, वर नाही.

   

पुन्हा दिसले तर दुर्बिणीतनं बघा. उभ्या ओळीत वर हिरवा, खाली पांढरा असेल तर ट्रॉलर जाळं ओढत चाललाय. वर लाल, खाली पांढरा असेल तर दुसऱ्या पद्धतीची मासेमारी. एकटा लाल म्हणजे जहाजाची डावी बाजू तुमच्याकडं, एकटा हिरवा म्हणजे उजवी. जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका, लहान मच्छीमार बोटी त्यात बऱ्याचदा नसतातच. आणि हे दिवे जून-जुलैत, मासेमारी बंद असताना दिसले असते, तर माझं उत्तर वेगळं असतं. तसं कधी दिसलं तर तारीख, दिशा आणि मुठीनं मोजलेली उंची लिहून टाका. मोबाईलच्या फोटोत नुसते ठिपके येतात, त्यावरून काही कळत नाही.