शिडाच्या बोटीसाठी स्वतःच्या काठ्यांवर उभं राहणारं कापडी छत घ्यावं का?

नांगर टाकून दिवसदिवस थांबायचं असेल, तर जरूर घ्या. बूमवरून (शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्यावरून) कापड टाकता येत असताना काठ्यांचा वेगळा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंय. बूमवरचं कापड डोलकाठी, बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) आणि दोन्ही बाजूंच्या लाइफलाइनला (डेकच्या कडेने खांबांवर ताणलेल्या कठड्याच्या तारेला) दोऱ्यांनी ताणावं लागतं. एक दोरी सैल पडली की मधे झोळ येतो आणि कापड फडफडायला लागतं. काठ्यांच्या छतात ताण काठीच देते. फायबरग्लासची लवचिक काठी कापडाच्या नेफ्यातून ओवायची, वाकवून तिची टोकं दोन्ही कडांच्या जाड खिशांत बसवायची, की कमान होते आणि कापड आपोआप ताठ होतं. मग कोपरे लाइफलाइनच्या खांबांना बुडाशी बांधायचे. बूम मोकळा राहतो आणि जिथे बूम पोहोचत नाही त्या पुढच्या डेकवरही छत उभं करता येतं.

घेताना सगळ्यात आधी एवढंच पाहा, की एकट्या माणसाला ते किती झटपट उतरवता येतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो. 20 नॉटचा (ताशी सुमारे 37 किमी) वारा समोरून आदळला तर चौरस मीटरमागे साधारण साडेसहा किलोचा जोर बसतो, 40 नॉटला तोच 26 किलोच्या पुढे जातो. वादळी ढग जवळ आला की वाऱ्याला एवढा चढायला वेळ लागत नाही. म्हणून मी एका अखंड मोठ्या छतापेक्षा दोन लहान छतांच्या बाजूने आहे. वारा वाढायला लागला की आधी पुढचं काढायचं. पुढचं अशासाठी, की नाळेवरचं (बोटीच्या पुढच्या टोकावरचं) कापड वाऱ्यात धरलं जातं आणि नांगरावरची बोट जास्तच डावी-उजवी झोके घेते. मागच्या बाजूचं कापड उलट नाळ वाऱ्याकडे धरायला मदत करतं. शीड लावून निघताना मात्र दोन्ही खाली.

सावली कुठे पडेल याचाही विचार करा. बोट तोंड करते वाऱ्याकडे, सूर्याकडे नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन छताखालून सरळ कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेत, शिरतं. बाजूला अडकवता येणारा पडदा नसेल तर अर्धा दिवस छत असून नसल्यासारखं. केबिनच्या झडपांवर सावली पडली तर आतला उकाडाही बराच कमी होतो. फक्त कापड डेकला टेकू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे.

कापड वरून फिकट आणि खालून गडद असलेलं चांगलं. खालची बाजू पांढरी असली की पाण्यावरून उसळलेला प्रकाश तिच्यावर आपटून डोळ्यांत येतो. पातळ नायलॉन घडीला लहान, पण उन्हात लवकर विरतं. धाग्यातच रंग मुरवलेलं ॲक्रिलिक चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या आसपास भरतं, जड वाटतं, तरी वर्षानुवर्षं टिकतं. आणि शिवण बघाच! साधा पॉलिएस्टर दोरा कापडाच्या आधी उन्हाने कुजतो, पीटीएफई (टेफ्लॉन) दोऱ्याला ऊन बाधत नाही. काठ्या हाताळताना हातमोजे घाला, कारण उन्हाने जुन्या झालेल्या फायबरग्लासच्या बारीक कुसळी बोटांत घुसतात आणि दिसतही नाहीत.