आधी संकेत पाळा, मग मोडा
वाचकांचे प्रश्न : रोमँटिक कॉमेडी आणि विद्यार्थ्यांची शॉर्टफिल्म

प्रश्न : आमची नऊ मिनिटांची रॉमकॉम आहे. शेवटी नायक धावतपळत स्टेशनवर पोहोचतो, पण नायिका त्याच्यासमोर लोकलमध्ये चढून निघून जाते. नेहमीच्या शेवटाच्या उलट केलं, म्हणून धक्का बसेल असं वाटलं होतं. कॉलेजच्या स्क्रीनिंगला मात्र 'शेवट अर्धवट वाटला' एवढंच ऐकू आलं. कुठे चुकलं? (मास मीडियाची विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : प्रेक्षकाने मनात 'ती थांबणार' असं पक्कं धरलेलं असेल, तरच ती न थांबल्याचा धक्का बसतो. ते धरायला त्याला वेळ मिळाला का, ते आधी तपासा. गजर, दात घासणं, बसचा प्रवास यांत पहिली दोन-तीन मिनिटं गेली असतील तर ती सरळ कापा. नऊ मिनिटांत साधारण हिशेब असा बसतो : दीड मिनिटात पहिली भेट, तीन मिनिटं जवळीक, सहाव्या मिनिटाच्या आसपास बिनसणं, मग धाव आणि शेवटी दीड मिनिट फक्त स्टेशन.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नायकाखेरीज नायिकेला आणखी काय हवंय? याचं उत्तर फिल्ममध्ये नसेल तर तिचं जाणं हा लेखकाचा निर्णय ठरतो, तिचा राहत नाही. प्रेक्षकाला ते लगेच कळतं आणि तो 'अर्धवट' म्हणतो. ही इच्छा आधी पेरावी लागते, आणि पेरायची उत्तम जागा म्हणजे विनोदी प्रसंग, कारण हसणारा प्रेक्षक माहिती सहज घेतो. समजा, कॅन्टीनमध्ये ती बाहेरगावच्या एका अभ्यासक्रमाचा फॉर्म भरतेय आणि नायकाच्या हातून त्यावर चहा सांडतो. पहिल्या भेटीचा संकेत, म्हणजे रॉमकॉममधली ठरलेली रीत, अगदी नेहमीसारखा पाळला गेला. मधल्या एखाद्या प्रसंगात तो डाग पडलेला फॉर्म तिने पुन्हा लिहून काढलेला दिसू दे. मग शेवटी ती कुठे चाललीय हे संवादात सांगावंच लागणार नाही. एवढं अर्ध्या दिवसात रीशूट होईल. कपडे, केस आणि टेबलावरच्या वस्तू जुन्या फुटेजशी ताडून पाहा.

धाव मात्र मनापासून रॉमकॉमसारखीच करा. संगीत हवं, वाटेत अडथळे हवेत, त्याचे पाय आणि येणारी गाडी यांचं आलटून-पालटून कटिंग हवं. शॉटची लांबी चार सेकंदांवरून तीन, दोन, एक अशी उतरू दे. इथेच हात आखडता घेतला तर पुढे मोडायला काही उरत नाही. तो पोहोचला की संगीत हळूहळू विरवू नका, एका कटवर बंद करा. फक्त प्लॅटफॉर्मचा आवाज ठेवा आणि सहा ते आठ सेकंद तिचा क्लोज-अप. कॅमेरा आधी त्याच्या चेहऱ्यावर गेला की प्रसंग त्याच्या पराभवाचा होतो.

'सैराट'ची (२०१६) रचना या नजरेने पुन्हा पाहा. सुरुवातीला गाणी, चोरटे कटाक्ष, मित्रांची मदत हे सगळं भरभरून येतं, आणि शेवट मात्र आवाजच काढून घेतो. तिथली शांतता त्या गाण्यांमुळेच इतकी झोंबते.

प्रश्न : आमच्या पटकथेत प्रपोज नायिका करते, आईवडील विरोधच करत नाहीत, नायकाचा मित्र खलनायक निघतो आणि शेवटी सगळं स्वप्न ठरतं. इतके ट्विस्ट चालतील का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. दहा मिनिटांत एकच संकेत मोडा, बाकीचे इमानाने पाळा. स्वप्न तर काढूनच टाका, कारण त्याने आधीचे सगळे प्रसंग निकालात निघतात. नायिकेने प्रपोज करणं चांगलं आहे, पण प्रसंगाची मांडणी तीच राहिली तर फक्त माणसांची अदलाबदल होते.

खरोखर मोडण्यासारखा संकेत हवा असेल तर मुलीने 'नाही' म्हटल्यावरही तिच्या मागे फिरणाऱ्या नायकाचा घ्या. आपल्या पडद्यावर त्याला वर्षानुवर्षं चिकाटी मानलं गेलंय. कायद्यात तो पाठलागाचा गुन्हा आहे : २०१३ पासून भारतीय दंड संहितेत ३५४-ड, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. नायक तिसऱ्यांदा तिच्या क्लासबाहेर उभा राहतो तेव्हा मागचं खट्याळ संगीत काढा आणि शॉट तिच्या बाजूने लावा. संवादाची एकही ओळ न बदलता अर्थ उलटतो.

प्रश्न : वाचनाला सगळे हसतात, एडिटमध्ये तोच विनोद पडतो. का? (पुणे)

उत्तर : बहुतेकदा क्लोज-अपमुळे. बोलणाऱ्यावर कट केला की ऐकणाऱ्याचा चेहरा जातो, आणि रॉमकॉममध्ये हसू ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून येतं. आधी संपूर्ण प्रसंग टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघं एकाच चौकटीत ठेवून घ्या. मग दोघांचे सिंगल (एकेकट्याचे शॉट) घ्या, पण ऐकणाऱ्याचा टेकसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू द्या. सिंगल घेताना दोघांचे संवाद एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर कट करायला जागाच सापडत नाही. ओव्हरलॅप हवा असेल तर एडिटमध्ये करा. उत्तराआधी दहा-पंधरा फ्रेम (साधारण अर्धा सेकंद) मोकळ्या सोडून पाहा, पुष्कळदा विनोद तेवढ्यानेच उभा राहतो. प्रत्येक जागेचा तीस सेकंदांचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे त्या मोकळ्या फ्रेममध्ये आवाज तुटणार नाही. कॅन्टीनमध्ये ट्यूबलाइट असतील तर कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर जुळलं नाही तर चित्र लुकलुकतं.

प्रश्न : जुन्या हिंदी गाण्याचे दहा सेकंद तरी वापरता येतील ना? (नाशिक)

उत्तर : 'इतके सेकंद चालतात' अशी तरतूद १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नाही. शिवाय शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत असू शकतात, म्हणजे परवानग्याही वेगळ्या. यूट्यूबवर किंवा महोत्सवाला पाठवायची असेल तर वर्गातल्या कुणाकडून चाल बांधून घ्या आणि वापराची परवानगी त्याच्याकडून लेखी घ्या. एडिटसाठी जुनं गाणं तात्पुरतं लावलं असेल तर पहिल्या रफ कटनंतर (कच्च्या जोडणीनंतर) ते काढा. एकदा कान सरावले की नवी चाल कुणालाच पटत नाही.